आंतरमहाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉल स्पर्धेचा इतिहास : खान्देशातील क्रीडानोंदींची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात क्रीडा विभागाच्या वाट्याला साधारणतः एखादे पान येते. त्यात 'व्हॉलीबॉल (मुली) : विजेतेपद' अशी एक ओळ असते. अशा ओळी वर्षानुक्रमे मांडल्या की स्पर्धेचा इतिहास सिद्ध झाला, असा समज रूढ आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महिला व्हॉलीबॉलच्या संदर्भात हा समज अपुरा का ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यापीठाची सीमा आणि इतिहासाचा आरंभ

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. साहजिकच विजेत्यांची यादी १९९० पासून सुरू करणे सोयीचे वाटते. तत्पूर्वी येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. पुणे, नाशिक, अहमदनगर, धुळे व जळगाव या ५ जिल्ह्यांच्या क्षेत्रातून विद्यापीठाचा १२ खेळाडूंचा एक संघ निवडला जाई. १९९० नंतर तेवढ्याच १२ जागा धुळे व जळगाव या २ जिल्ह्यांसाठी खुल्या झाल्या. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणून 'विद्यापीठ खेळाडू' म्हणवणाऱ्या मुलींची संख्या वाढली, तर ती वाढ खेळाच्या दर्जाचा पुरावा मानता येत नाही. ती प्रथमतः संधीच्या फेरवाटपाची खूण आहे. मात्र या संधीचे मोल कमी नाही. जळगावहून पुणे सुमारे ४०० किलोमीटर आहे. जळगाव, एरंडोल, धुळे व नंदुरबार अशा विभागांतून आंतरविभागीय स्पर्धेकडे जाण्याची वाट त्या मानाने घराजवळची आहे, आणि मुलींच्या खेळाचा निर्णय पुष्कळदा कौशल्याआधी अंतरावर होतो.

संस्था बदलली की इतिहास तुटतो, हे अन्यत्रही दिसते. अमेरिकेत महाविद्यालयीन महिलांच्या स्पर्धा प्रथम ए.आय.ए.डब्ल्यू. ही महिलांची संघटना भरवीत असे. १९८१ मध्ये एन.सी.ए.ए.ने स्वतःची महिला व्हॉलीबॉल स्पर्धा सुरू केली, आणि तिच्या विजेत्यांची यादी त्याच वर्षापासून सुरू होते. आधीच्या विजेत्या संघांचा शोध वेगळ्या यादीत घ्यावा लागतो.

नियम आणि निकालांचे वाचन

दुसरी त्रुटी निकालांच्या अर्थाची आहे. जुन्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या संघासच गुण मिळे आणि सेट १५ गुणांचा असे. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये प्रत्येक रॅलीला गुण देण्याची व २५ गुणांच्या सेटची पद्धत स्वीकारली. त्यामुळे १५-८ आणि २५-१८ हे निकाल एकाच मापाने मोजता येत नाहीत. त्याच सुमारास 'लिबेरो' ही केवळ बचावासाठीची खेळाडू नियमात आली. महिलांच्या जाळ्याची उंची २.२४ मीटर असते. उंचीने कमी, पण चेंडू उचलण्यात चपळ असणाऱ्या मुलीस या बदलाने संघात हक्काची जागा मिळाली. केवळ विजेतेपदाच्या ओळीत या बदलाचा मागमूसही लागत नाही.

नावाचा प्रश्न

सर्वांत गंभीर उणीव नावाची आहे. यादीत महाविद्यालय जिंकते, खेळाडू दिसत नाही. जेथे नाव असते, तेथे ते 'कु.' या उपपदासह वडिलांच्या नावाने व माहेरच्या आडनावाने असते. विवाहानंतर नाव व आडनाव दोन्ही बदलण्याची रीत असल्याने त्या नोंदीवरून ती खेळाडू पुढे सापडत नाही. तिच्याच वर्गातील मुलाचे नाव मात्र आयुष्यभर तेच राहते. म्हणजे एकच नोंदपद्धती मुलांचा इतिहास राखते आणि मुलींचा पुसते. हा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा नाही. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी अखेर मूळ नोंदींवरच अवलंबून असते, आणि नोंद नसेल तर दावाही उरत नाही.

समारोप

नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात मागील ५ वर्षांतील पदकांची संख्या मागितली गेली. संख्या भरली की काम संपले, अशी वृत्ती त्यातून बळावण्याचा धोका आहे. वास्तविक इतिहासाची साधने आपल्या कपाटातच असतात. पात्रता अर्जात खेळाडूचे पूर्ण नाव, जन्मतारीख व वर्ग असतो. सामन्याच्या गुणपत्रकात प्रत्येकीचा क्रमांक, सर्व्हिसचा क्रम व बदली खेळाडूंची नोंद असते. ही कागदपत्रे रद्दीत न देता क्रीडा संचालक व ग्रंथपाल यांनी मिळून जपावीत, १९९० पूर्वीच्या पुणे विद्यापीठकालीन नोंदी त्यांस जोडाव्यात आणि माजी विद्यार्थिनींच्या नोंदवहीत माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे घ्यावीत. कोणत्या महाविद्यालयाने किती वेळा चषक नेला, एवढेच सांगणारी यादी चषकाचा हिशेब देते. त्या चषकासाठी खेळलेल्या मुलींचा हिशेब अद्याप व्हावयाचा आहे.