स्मरणरंजन आणि वाचकाचा भूगोल : ‘अपूर्वाई’, आगगाडी व दूरचित्रवाणी यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा बहुधा दोष दाखविण्यासाठी वापरली जाते. एखादे लेखन स्मरणरंजनात रमले आहे असे म्हटले की त्याचे मूल्यमापन झाले असे मानण्याची प्रथा आहे. तथापि स्मरणरंजन नेमके कोठे घडते, याचा विचार त्यामानाने कमी झालेला आहे. ते लेखकाच्या मनात घडते, संहितेत घडते की वाचकाच्या मनात घडते, हा प्रश्न मूलभूत आहे. जुने इंग्रजी दैनंदिन जीवन, वाफेच्या इंजिनाची आगगाडी आणि दूरचित्रवाणीचे आरंभीचे दिवस या तीन गोष्टींविषयी मराठी मध्यमवर्गाला वाटणारी ओढ हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सोयीचे क्षेत्र आहे. प्रस्तुत लेखात पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन केंद्रस्थानी ठेवून या ओढीचे स्वरूप तपासले आहे आणि मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावातील वाचकाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे.

संज्ञेचा विचार :

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात प्रथम वापरला. घरापासून दूर राहणाऱ्या स्विस माणसांना जडणारी घरओढीची व्याधी असा त्याचा मूळ अर्थ होता. म्हणजे आरंभी ही संज्ञा स्थळाशी निगडित होती. पुढे ती काळाशी जोडली गेली. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवून दिले की प्रत्येक पिढीला आपल्या आधीच्या पिढीचा काळ सुखाचा वाटतो आणि त्या आधीच्या पिढीलाही तसेच वाटत असते. स्वेतलाना बॉइम यांनी ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ (२००१) मध्ये गतकाळ पुन्हा उभा करू पाहणारे आणि गतकाळाच्या अंतराचे भान ठेवून चिंतन करणारे असे स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले. या दोन्ही मांडण्यांत काळाचा विचार प्रधान आहे. मराठी वाचनव्यवहाराला त्या लावताना त्यांना स्थळाची जोड द्यावी लागते. कारण महाराष्ट्राच्या निरनिराळ्या विभागांचा गतकाळ एकच नाही.

इंग्लंडमधील पार्श्वभूमी :

इंग्लंडमध्ये जुन्या जीवनाविषयीचे स्मरणरंजन दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत विशेष बळावले. वेल्समधील टॅलिलिन ही छोटी रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालविण्यास घेतली. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले अखेरचे वाफेचे इंजिन मार्च १९६० मध्ये स्विंडन येथील कारखान्यातून बाहेर पडले. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर अनेक शाखामार्ग बंद झाले आणि ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरील वाफेच्या प्रवासी गाड्यांची नियमित सेवा संपुष्टात आली. त्याच १९६८ मध्ये बीबीसीने ‘डॅड्स आर्मी’ ही महायुद्धकालीन गावरक्षक दलावरील विनोदी मालिका सुरू केली. रुळांवरून जे नाहीसे होत होते ते स्वयंसेवकांनी जतन केले आणि जीवनातून जे नाहीसे झाले होते ते दूरचित्रवाणीने पडद्यावर आणले. या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांनी ती आगगाडी रोज वापरली होती आणि ज्यांना तिच्याऐवजी दुसरे साधन उपलब्ध झाले होते, त्यांनाच तिची हुरहुर परवडत होती.

‘अपूर्वाई’चे स्वरूप :

दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीकडे पाठविल्या गेलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या युरोपातील वास्तव्यातून ‘अपूर्वाई’ निर्माण झाले. ‘किर्लोस्कर’ मासिकातून प्रसिद्ध झालेले हे लेखन १९६० मध्ये ग्रंथरूपाने आले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली आणि पु. ल. तिच्या आरंभकाळातील निर्मात्यांपैकी एक होते. म्हणजे आज ज्या इंग्लंडविषयी हुरहुर व्यक्त होते, त्या वाफेच्या इंजिनांच्या व कृष्णधवल पडद्याच्या इंग्लंडमध्ये हा मराठी लेखक प्रत्यक्ष वावरला, आणि तेही नेमके त्या जगाच्या उतरणीच्या काळात.

असे असूनही ‘अपूर्वाई’ हे मुळात स्मरणरंजनपर लेखन नाही. ग्रंथाचे शीर्षकच याची साक्ष देते. ‘अपूर्व’ म्हणजे जे पूर्वी नव्हते ते. स्मरणरंजनाचा विषय ‘पूर्वी होते’ हा असतो. ‘अपूर्वाई’चा विषय प्रथमच अनुभवास येणारे नावीन्य हा आहे. प्रस्थानापूर्वीची धांदल, सल्ला देणाऱ्यांची गर्दी, बोटीचा प्रवास, लंडनमधील मुक्काम हे सर्व एका मध्यमवर्गीय मराठी गृहस्थाच्या कुतूहलातून साकार होते. या गृहस्थाचे मोजमापाचे साधन घरचेच आहे. तो इंग्लंड पाहतो तेव्हा त्याच्या मनात मुंबईचे उपनगर आणि तेथील माणसे असतात. त्यामुळे विनोद दोन्ही दिशांनी घडतो. इंग्रजही थोडा हास्यास्पद ठरतो आणि पाहणाराही.

या दृष्टीला ऐतिहासिक महत्त्व आहे. स्वातंत्र्यानंतर जेमतेम अकरा-बारा वर्षांनी लिहिलेल्या या लेखनात राज्यकर्ता म्हणून परिचित असलेला ‘साहेब’ त्याच्या स्वतःच्या घरी, सामान्य संसारी माणूस म्हणून दिसतो. लेखक त्याच्यासमोर दबत नाही आणि त्याचा सूडही उगवत नाही. पूर्वीच्या सत्तासंबंधाचा भार विनोदाच्या साहाय्याने उतरविण्याची ही रीत आहे. ‘अपूर्वाई’चे वाङ्मयीन सामर्थ्य मुख्यतः येथे आहे, आणि नंतरच्या हळव्या वाचनांत नेमके हेच सामर्थ्य झाकले जाते.

कारण नंतरच्या वाचकांनी या ग्रंथाचे वाचन पुष्कळदा स्मरणरंजन म्हणून केले. बोटीचा प्रवास नाहीसा झाला, लंडनला जाणे नवलाचे राहिले नाही, स्वतः पु. ल. २००० मध्ये निवर्तले. ग्रंथातील वर्तमानकाळ वाचकाच्या दृष्टीने भूतकाळ झाला. येथे तीन काळ वेगळे करणे आवश्यक ठरते : घटनेचा काळ, लेखनाचा काळ आणि वाचनाचा काळ. ‘अपूर्वाई’त पहिले दोन जवळजवळ एकच आहेत. त्यातील हुरहुर तिसऱ्या काळाने, म्हणजे वाचनाने, निर्माण केलेली आहे. त्या हुरहुरीचे श्रेय किंवा दोष संहितेला देणे योग्य नाही.

दूरचित्रवाणी आणि स्मृतीची मर्यादा :

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक स्पष्टपणे उभा राहतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी पुण्याला सहक्षेपण मिळाले. चिं. वि. जोशी यांनी १९३० च्या दशकात घराघरांत पोचविलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने मुंबई दूरदर्शनवर अवतरले. या मालिकेने ब्रिटिश अमदानीतील मराठी कारकुनी जीवन पुन्हा डोळ्यांसमोर उभे केले. इंग्लंडमध्ये ‘डॅड्स आर्मी’ने जे केले त्याच्याशी हे कार्य समांतर आहे. दोन्हींत भाबडा, बढाईखोर पण निरुपद्रवी नायक आहे आणि दोन्हींनी कठीण काळाला घरगुती रूप दिले आहे.

आज ‘चिमणराव’, ‘गजरा’ किंवा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांचा उल्लेख ‘मराठी माणसाच्या आठवणी’ असा सरसकट केला जातो. वस्तुतः त्या काळी हे प्रक्षेपण मुंबई-पुण्याच्या परिसरापुरते होते. लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचे जाळे देशभर पसरू लागले ते १९८२ नंतर, आणि तेव्हा त्यांवरून प्रामुख्याने दिल्लीचे राष्ट्रीय कार्यक्रम दिसत. मराठवाड्यातील खेड्यातल्या त्या पिढीच्या वाचकाला ‘चिमणराव’ आठवत नसेल तर त्याची स्मृती कमकुवत आहे असे म्हणता येणार नाही. ते दृश्य त्याच्या गावापर्यंत आलेलेच नव्हते. एका परिसराची आठवण संपूर्ण भाषेची आठवण म्हणून मांडली गेली की उरलेल्या परिसरांना उसन्या आठवणीवर समाधान मानावे लागते.

मराठवाडा आणि आगगाडी :

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील गाव. या तालुक्यातून लोहमार्ग जात नाही. जिल्ह्याला आगगाडी मिळाली ती निजामाच्या हमीवर उभारलेल्या रेल्वेच्या हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्गामुळे, १९०० च्या सुमारास. म्हणजे मुंबई-ठाणे दरम्यान १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी धावल्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात आगगाडी वर्णनाचा विषय झाली, तेव्हा जालन्याच्या वाचकाला ती पाहण्यासाठी राज्याची हद्द ओलांडावी लागली असती. येथील माणसाचा गतकाळ ब्रिटिश प्रशासनाखाली नव्हे, तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीखाली गेला. ‘इंग्रजांचे दिवस’ हा शब्दप्रयोग येथे मुंबई-पुण्यातील अर्थाने लागू होत नाही.

पुढील इतिहास याहून उद्बोधक आहे. जालन्याहून निघालेला माल मनमाडला मीटरगेजच्या डब्यांतून उतरवून ब्रॉडगेजवर चढवावा लागे. ही छोटी गाडी प्रदेशाच्या मागासलेपणाची खूण मानली गेली. मराठवाडा विकास आंदोलनाच्या काळात आणि त्यानंतर गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी मनमाड मार्गाच्या रुंदीकरणाची मागणी लावून धरली. ते काम १९९० च्या दशकात प्रत्यक्षात आले. टॅलिलिनच्या स्वयंसेवकांनी छोटी गाडी टिकविण्यासाठी श्रम केले. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी छोटी गाडी जावी म्हणून श्रम केले. दोघांनाही आगगाडीविषयी आस्थाच होती. फरक एवढाच की पहिल्यांना पर्याय मिळाला होता आणि दुसऱ्यांना तो मिळवायचा होता.

जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. राजूर, भोकरदन, सिल्लोड या परिसराला रेल्वेशी जोडणाऱ्या या मार्गामुळे शेजारच्या टापूत प्रथमच गाडी येणार आहे. मामाच्या गावी नेणारी धुराची गाडी गदिमांच्या बालगीतामुळे मराठी बालपणाचे प्रतीक ठरली आहे. परंतु अशा गावांत हे प्रतीक आठवणीचे नसून अपेक्षेचे आहे. एकच प्रतिमा एका वाचकाला मागे नेते आणि दुसऱ्याला पुढे, हे लक्षात न घेता तिचे रसग्रहण पूर्ण होत नाही.

स्मरणरंजनाला छेद देणारी संहिता :

भूगोलाप्रमाणे समाजरचनाही स्मृतीचे स्वरूप ठरविते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या मूळ इंग्रजीतील आत्मकथनपर लेखनात १९०१ मधील एक प्रवास आहे. बालवयातील भीमराव भाऊ व भाचा यांच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी नवे कपडे घालून उत्साहाने निघाले आणि आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. मुलांची जात कळताच स्टेशन मास्तरचे वागणे बदलले. बैलगाडीवाले त्यांना नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एक जण कबूल झाला. याच लेखनात १९३४ मधील दौलताबादचा प्रसंगही आहे. वेरूळची लेणी पाहण्यास निघालेल्या मंडळींनी किल्ल्यावरील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना अपमान सोसावा लागला. दौलताबाद जालन्यापासून दूर नाही.

मसूरचे स्थानक, स्टेशन मास्तर, फलाट, वाफेचे इंजिन ही सर्व सामग्री स्मरणरंजनाची नेहमीची सामग्री आहे. तरी या संहितेत हुरहुरीला जागा नाही. आगगाडीच्या डब्याने मुलांना तिकिटाच्या बळावर काही काळ समान प्रवासी केले आणि फलाटाबाहेर पडताच समाजाने ती समानता काढून घेतली. आगगाडीविषयी कृतज्ञता आणि गतकाळाविषयी कठोर स्पष्टता या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या कथनातून दिसते. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्या वाचनाला हा आवश्यक छेद आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला, स्मरणरंजन हा संहितेचा स्थिर गुण नसून पुष्कळदा वाचनाच्या काळाने संहितेवर चढविलेला अर्थ असतो. ‘अपूर्वाई’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दुसरा, मराठी साहित्यव्यवहारात सामूहिक म्हणून वावरणाऱ्या अनेक आठवणी विशिष्ट शहरांच्या व विशिष्ट वर्गाच्या आहेत. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला त्या परक्या वाटल्या तर तो त्याच्या रसिकतेचा दोष मानू नये. तिसरा, ही परकेपणाची जाणीव वाचनाला मारक ठरत नाही. ज्याच्याजवळ जुन्या लंडनची किंवा मुंबईच्या कृष्णधवल पडद्याची उसनी हळहळ नाही, तो वाचक ‘अपूर्वाई’तील मूळ नावीन्याच्या अधिक जवळ जाऊ शकतो, कारण लेखकालाही ते जग अपूर्वच होते.

म्हणून पदवी स्तरावर प्रवासवर्णनाचे अध्यापन करताना ‘अपूर्वाई’ आणि मसूरच्या प्रवासाचे कथन एकत्र वाचणे उपयुक्त ठरेल. त्यांच्या जोडीला आपल्या तालुक्यात गाडी केव्हा आली, अथवा का आली नाही, याची नोंद विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून घ्यावी. त्यातून उसन्या आठवणींच्या शेजारी त्यांच्या स्वतःच्या आठवणी उभ्या राहतील आणि मराठीच्या सामूहिक स्मृतीत आजवर न आलेल्या गावांची भर पडेल.