खाली सही कोणाची?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी एकच शुभेच्छा मला अकरा जणांकडून आली. शब्द तेच, पणती तीच, उटण्याच्या सुवासाचे वर्णनही तेच. त्यांतल्या एकीखाली तर पाठविणाराचे नाव नसून कोणा भलत्याच कुटुंबाचे नाव राहून गेले होते. घरातली मंडळी हसली, मीही हसलो. परंतु मास्तराची खोड अशी की, वर्गात एकसारख्या दोन वह्या सापडल्या म्हणजे मूळचे उत्तर कोणाचे, हे शोधल्याखेरीज त्याला चैन पडत नाही.

शुभेच्छांचे एक असो. फोनवरून फिरणारा निरोप हे आजच्या तरुणांचे, विशेषतः चळवळीत पडलेल्या तरुणांचे, मुख्य वाङ्मय होऊन बसले आहे. त्याला वाङ्मय म्हटल्याबद्दल विद्वान रागावतील. पण जे हजारो लोक वाचतात आणि वाचून घराबाहेर पडतात, त्याची परीक्षा करावयाची नाही, तर कशाची करावयाची? कादंबऱ्या मीही लिहितो. त्या वाचून कोणी उंबरठा ओलांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही!

परीक्षेला आपण आमचाच जिल्हा घेऊ. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडी अजून ‘नगर’च बसले आहे. या जिल्ह्यात राहाता तालुक्यात, गोदावरीच्या काठी, पुणतांबे गाव आहे. तेथे चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले, तेव्हा मायना काय लिहावा हेच त्यांना सुचेना. वयाने पोर, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे; आणि नमस्कार लिहावा, तर वय आड येते. शेवटी त्यांनी कागद कोराच पाठविला, आणि त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला त्या कोऱ्या कागदाचे मोठे अप्रूप वाटते. आपण कोणाला लिहितो आहोत, याची त्या माणसाला निदान अडचण तरी पडली. आजच्या निरोपाला ती पडत नाही. तो सगळ्यांनाच असतो, म्हणून मायना नसतो. आणि कोणाचाच नसतो, म्हणून सहीही नसते.

याच पुणतांब्याने २०१७ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभा भरवून शेतकऱ्यांनी संपावर जावे असा ठराव केला. या ठरावातला ‘संप’ हा शब्द पाहण्याजोगा आहे. तो गिरणीतला, मालकाविरुद्ध मजुराने वापरावयाचा. शेतकऱ्यांच्या संपाला आधार नव्हता असे नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी संप केला आणि तो सहा वर्षांच्या आसपास चालविला. पण तेथे खोत समोर होता. पुणतांब्याचा शेतकरी स्वतःच शेताचा मालक. त्याने संप करावयाचा तो कोणाविरुद्ध? त्या एका शब्दाने सांगितले ते हेच की, हा मालक नावाचाच आहे. दूध आणि भाजी दुसऱ्याने ठरविलेल्या भावाने विकणारा तो मजूरच आहे. इतके मोठे विधान इतक्या थोडक्यात करणे कसलेल्या लेखकालाही साधत नाही. ते एका गावाला साधले, कारण ते शब्द सभेत बोलले गेले होते.

तरुणांच्या फोनवरून तो शब्द जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. १ जून २०१७ रोजी संप सुरू झाला. ही फोनची करामत खरीच. पण वाचक म्हणून मला एक गोष्ट खटकली. संप सुरू होताच ठराव मागे पडला आणि रस्त्यावर ओतलेल्या दुधाची चित्रे पुढे आली. शहरातल्या माझ्या नातेवाइकांना दूध आठवते. मागण्या काय होत्या, हे विचारले तर एकीलाही धड सांगता येत नाही. पुढे ३ जूनच्या पहाटे मुंबईत वाटाघाटी होऊन पुणतांब्याच्या मंडळींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. नाशिककडच्या शेतकऱ्यांनी ते मानले नाही आणि लढा चालू ठेवला. त्या दिवशी माझ्या फोनवर जे निरोप आले, त्यांत शिव्या पुष्कळ होत्या, संशय त्याहून अधिक होता, आणि नाव एकाही निरोपाखाली नव्हते. २४ जूनला सरकारने सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. तिचे श्रेय घ्यावयास मात्र नावे पुष्कळ निघाली!

आता शंभर वर्षे मागे जाऊ. जिल्हा हाच. १९१० साली पंचवीस वर्षांच्या मुकुंदराव पाटलांनी सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक साप्ताहिक काढले आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून ते १९६७ पर्यंत चालविले. पंचविशीचा पोरगा, आडगाव, खिळे जुळवून छापलेला कागद आणि टपालाची वाट. आजच्या पोरांच्या खिशात आहे त्याचा शतांशही त्याच्यापाशी नव्हता. परंतु जे होते ते मोठे होते. अंकावर गावाचे नाव होते आणि संपादकाचे नाव होते. ज्यांच्यावर टीका केली, ते वाटेत भेटणारच, हे ठाऊक असलेल्या माणसाने ती केली होती. सावकारी, वतनदारी, भिक्षुकी यांवर मुकुंदरावांनी जे आसूड ओढले त्यांना धार आहे ती या पत्त्यामुळे, असे माझे मत आहे. उत्तर द्यावे लागणार, हे ठाऊक असले की माणूस विशेषणे कमी वापरतो आणि दाखले जास्त देतो.

नाव नसलेल्या मजकुराने काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने पाहिले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी आवई फोनवरून फिरत होती. त्या दिवशी भिक्षा मागावयास आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. म्हणजे खोली ग्रामपंचायतीची असली, म्हणून काही सभा होत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का मारावयास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी तो ढकलण्यास मनाई केली. तो शिक्का मला निरोपाखालच्या सहीऐवजी उठविलेल्या अंगठ्यासारखा वाटतो. फरक एवढाच की, हा अंगठा कोणाचाच नाही.

हे सारे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला ऐकवीत होतो. तो गावच्या तरुण मंडळात असतो. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, “सर, सही करायला आमची ना नाही. पण सही केली की ती अंगावर येते. त्या वेळी तुम्ही मोठी माणसं कुठे असता?”

मला उत्तर सुचले नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या एका मुलीने मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर आपल्या नावानिशी चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्यांना पसंती दिली. दोघींना अटक झाली. ज्या कलमाखाली असे खटले होत, ते कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. पण अटकेच्या दिवशी त्या मुलींची सही एकटी होती. माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे खरे होते.

तेव्हा माझ्या टीकेत मी एक दुरुस्ती करतो. निरोपाखाली सही नाही, हा दोष एकट्या तरुणांचा नव्हे. ग्रामसभेच्या ठरावाला एक सूचक असतो आणि एक अनुमोदक असतो. सूचक बहुधा तरुण असतो. धाडसाचे काम त्याचे. अनुमोदकाने फार काही करावयाचे नसते. हात वर करावयाचा आणि आपले नाव लिहू द्यावयाचे. फोनवरच्या मजकुरात उणीव आहे ती या दुसऱ्या नावाची. ते नाव आपण द्यावयाचे आहे.

यंदा मी ठरविले आहे. पाडव्याला शुभेच्छा स्वतः लिहीन, मग ती दोनच ओळींची का होईना. आणि त्या विद्यार्थ्याने गावाच्या पाण्यासाठी एक अर्ज लिहिला आहे. खाली त्याची सही आहे. शुद्धलेखनाच्या तीन चुका मी दुरुस्त केल्या, आणि त्याच्या नावाखाली माझे नाव लिहिले.