पाच नंबरच्या खोलीतले वेलिंग्टन

डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स' या कादंबरीत (१८३६-३७) सॅम वेलर आपल्याला प्रथम भेटतो तो लंडनमधल्या एका जुन्या सराईच्या अंगणात, उतारूंचे बूट पुसताना. सराईत कोण कोण उतरले आहे, असे विचारताच तो माणसे सांगत नाही. त्यांच्या पायांतले सांगतो. तेरा नंबरात हेशियन, कॉफीच्या दालनात टॉपबूट, सहा नंबरात तर नुसता लाकडी पाय! शेवटी त्याला आठवते, पाच नंबरात बरेच झिजलेले वेलिंग्टन आहेत आणि सोबत एक बायकी जोडा. त्या जोड्यावरच्या कारागिराच्या नावावरून पळून आलेले जोडपे सापडते.

हा प्रसंग मराठीत आणताना सरसकट 'बूट' लिहून मोकळे होण्याचा मोह पडतो. पण मग उरते काय? सॅमच्या लेखी बूट हाच माणूस. हेशियन म्हणजे गुडघ्याखाली पोहोचणारा, पुढे गोंडा मिरवणारा. टॉपबूट घोडेस्वाराचा, वरची पट्टी निराळ्या रंगाची. हेशियनचाच गोंडा काढून, तो पोटरीला नीट बसेलसा बेतला, तेव्हा वेलिंग्टन झाला. ज्या वेलस्लीने १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरवल्या, त्याच्याच पुढच्या पदवीचे हे नाव. पाच नंबरातला जिंगल हा फिरता नट. ऐट ड्यूकची, झीज भटक्याची! सारा माणूस त्या दोन शब्दांत उभा आहे.

माझाही एक प्रमाद कबूल करतो. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीच्या बळावर मी वर्गात 'वेलिंग्टन म्हणजे गमबूट' असे बेलाशक सांगत आलो. आजच्या इंग्रजीत ते खरेही आहे. पण रबर टिकाऊ करण्याच्या क्रियेचे गुडइयरचे अमेरिकन पेटंटच १८४४ चे. जिंगलचे वेलिंग्टन कातड्याचे होते. मी त्या ऐटबाज लफंग्याला चिखलात उभा केला होता!

वहाण, पायताण, खेटर, चढाव, जोडा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी घालू का? खेटर म्हणताच त्यात राग येतो, चढाव म्हणताच थाट. मग परक्याच्या पायांतल्या वस्तूंविषयीच ही बेपर्वाई का? वेलिंग्टन वेलिंग्टनच राहू द्यावा. फार तर त्याचे कातडे आणि पोटरीवरची बसण वाक्यातच सांगावी. सराईतल्या पोऱ्याला जे भान होते, ते अनुवादकाला नसावे काय?