मेल सर्व्हरच्या मांडणीतील उत्सर्ग आणि अपवाद

घरातील चारपाच संगणक एका जालात जोडलेले असावेत, त्यांपैकी एक अहोरात्र चालू असावा आणि घरचा पत्रव्यवहार परक्या कंपनीच्या कोठारात न राहता त्या एका यंत्रावर राहावा, ही इच्छा समजण्यासारखी आहे. ती पुरी करावयाची तर पहिला प्रश्न उभा राहतो तो मेल सर्व्हरच्या निवडीचा. या निवडीची चर्चा बहुधा वेग, क्षमता आणि सुरक्षितता या तीन सदरांखाली होते. पैकी पहिली दोन सदरे घरापुरती निरर्थक होत. दिवसाकाठी येणारी शेदोनशे पत्रे कोणतेही सॉफ्टवेअर सहज हाताळील. उरते ती सुरक्षितता. आणि ती, मानले जाते त्याहून पुष्कळच अधिक प्रमाणात, भाषेचा प्रश्न आहे.

मोठ्या संस्थेत सर्व्हरची मांडणी नित्य कोणाच्या तरी नजरेखाली असते. घरी ती एकदा लिहिली जाते आणि मग वर्ष-दोन वर्षे तिच्याकडे कोणी पाहत नाही. पुन्हा पाहण्याची वेळ येते तेव्हा लिहिणारा स्वतःच्याच लेखनाचा परका वाचक झालेला असतो. अशा वाचकाला फाइलीत जे लिहिलेले आहे ते कष्टाने का होईना, पण कळते; जे लिहिलेले नाही त्याचा अर्थ मात्र त्याला सॉफ्टवेअरवर सोपवावा लागतो. संस्कृत वैयाकरणांनी सामान्य नियमाला उत्सर्ग आणि त्याला बाध आणणाऱ्या विशेष नियमाला अपवाद म्हटले. तीच परिभाषा वापरावयाची तर कसोटी अशी मांडता येईल: अपवाद सांगितलेला नसेल तेव्हा लागू होणारा उत्सर्ग कोणता, आणि तो वाचकाला सापडतो काय?

एरिक ऑलमन यांचे सेंडमेल बर्कली येथे तयार झाले आणि 1983 पासून तेथील युनिक्सबरोबर वितरित होऊ लागले. त्याच्या मूळ फाइलीत प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर त्या ओळीचा प्रकार सांगते आणि पत्त्याचे घटक पाडून त्यांच्या जागी दुसरे घटक बसविणारे नियम क्रमाने येतात. रचनेच्या दृष्टीने हे आदेशप्रधान व्याकरणच होय. ज्या काळी निरनिराळी जाळी निरनिराळ्या पद्धतींनी पत्ते लिहीत, त्या काळी अशा व्याकरणाची खरी गरज होती. आज घरच्या पत्त्यात नाव, चिन्ह आणि डोमेन यांपलीकडे काही नसते. शिवाय एम-फोर मॅक्रोंच्या साहाय्याने मूळ फाइल दुसऱ्या फाइलीतून निर्माण करण्याची प्रथा पडल्यामुळे वाचकाला दोन पाठ सांभाळावे लागतात. परक्याचे पत्र परक्याकडे पोहोचविण्याची मुभा मूळ मांडणीतूनच काढून घेण्याचा निर्णयही सेंडमेलने 1998 मध्ये, 8.9 या आवृत्तीत घेतला.

डी. जे. बर्नस्टाइन यांचे क्यूमेल याच्या अगदी उलट टोकाला आहे. येथे व्याकरण जवळजवळ नाहीच. एका फाइलीत एक प्रकारची माहिती, असा हा कोश आहे. त्याचा सुटसुटीतपणा आणि सुरक्षित रचनेबद्दलचा लौकिक निर्विवाद आहे. परंतु त्याच्या मौनाचा अर्थ धोक्याचा आहे. कोणत्या डोमेनांची पत्रे स्वीकारावयाची हे सांगणारी आरसीपीटीहोस्ट्स ही फाइल नसेल, तर सर्व पत्रे स्वीकारली जातात. चुकून एक फाइल पुसली गेली, तर घरचा सर्व्हर जगातील वाटेल त्या जाहिरातदाराचा हरकाऱ्या होतो. शिवाय मूळ लेखकाची 1.03 ही आवृत्ती 1998 मधली. संकेतबद्ध जोडणीसाठी तिला इतरांची ठिगळे लावावी लागतात.

केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी 1995 मध्ये आरंभिलेल्या एक्झिममध्ये मौनाचा अर्थ नकार असा आहे. प्राप्तकर्त्यासंबंधीची प्रवेश-नियमावली दिली नाही, तर बाहेरून येणारे एकही पत्र स्वीकारले जात नाही. हा उत्सर्ग सुरक्षित खरा. पण त्यामुळे बरेच काही स्पष्टपणे सांगणे भाग पडते. अटी आणि उपअटी यांनी भरलेली त्याची वाक्यरचना ज्याला विलक्षण पत्रव्यवहार चालवावयाचा आहे त्याला वरदान ठरेल. घरच्या वाचकाला मात्र ती जड जाते.

आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना वीत्से व्हेनेमा यांनी रचलेले पोस्टफिक्स 1998 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्याच्या मेन.सीएफ या फाइलीत नाव आणि मूल्य अशा साध्या ओळी असतात, आणि केवळ अपवाद लिहिले तरी पुरते. विशेष म्हणजे पोस्टकॉन्फ या आज्ञेने एकदा सर्व उत्सर्ग आणि एकदा केवळ आपण लिहिलेले अपवाद वेगवेगळे पाहता येतात. वर्षाने परतणाऱ्या वाचकाला याहून उपयुक्त टीका मिळणे कठीण.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. मौनावर विसंबणाऱ्या लेखनाचा अर्थ उत्सर्ग बदलताच बदलतो, आणि फाइलीत एक अक्षरही हललेले नसते. पोस्टफिक्समध्ये हे प्रत्यक्ष घडले आहे. पूर्वी काही न सांगितल्यास त्याच उपजालातील सर्व यंत्रे विश्वासाची मानली जात. 2015 च्या 3.0 या आवृत्तीपासून नवा उत्सर्ग केवळ स्वतःच्या यंत्रावर विश्वास ठेवतो. ज्या घरात इतर संगणकांची पत्रे जुन्या मौनावर जात होती, तेथे ती अडली असती. परंतु त्याच आवृत्तीत सुसंगतीची पातळी नोंदविण्याची सोय आली. पातळी लिहिलेली नसेल तर जुना अर्थच चालू राहतो, आणि जेथे तो वापरला गेला तेथे नोंदवहीत सूचना उमटते. आक्षेप यामुळे नाहीसा होत नाही. तथापि सॉफ्टवेअरकर्त्याला त्याची जाणीव आहे, हे सिद्ध होते. घरच्या व्यवस्थापकाने तरीही विश्वासाच्या यंत्रांची ओळ स्वतः लिहावी. जेथे चूक महाग पडते, तेथे उत्सर्गही उच्चारून सांगावा.

निवडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. घरगुती जोडण्यांवर सेवादाते पुष्कळदा पंचविसावे पोर्ट बंद ठेवतात, आणि अशा जोडणीवरून निघालेले पत्र मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर संशयाने पाहतात. हा दोष कोणत्याही सॉफ्टवेअरच्या व्याकरणाने सुटणारा नाही. जाणारी पत्रे एखाद्या मान्यताप्राप्त मध्यस्थ सर्व्हरमार्फत धाडणे हाच व्यवहार्य मार्ग होय. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी रिलेहोस्ट हा अपवाद आहे, आणि मध्यस्थाने दिलेले परवलीचे शब्द त्याच्या जोडीला द्यावे लागतात. पेटीतील पत्रे वाचण्यासाठी डव्हकॉटसारखा वेगळा सर्व्हर लागतो, हेही ध्यानात असावे.

तात्पर्य, लहान गृहजालासाठी पोस्टफिक्सची निवड करणे युक्त आहे. ते इतरांहून अधिक सांगू शकते म्हणून नव्हे. न सांगितलेल्याचा अर्थ ते मर्यादित ठेवते आणि विचारल्यास उघड करते, म्हणून. घरच्या पत्रांची राखण ज्याच्या मौनावर सोपवावयाची, त्याच्या मौनाचा अर्थ आधी वाचता आला पाहिजे.