गुप्तहेराचे पापनिवेदन

२७ ऑक्टोबर २०१८ हा शनिवार होता. पाणलोटाची कामे पाहण्यासाठी आम्ही काही जण राळेगणसिद्धीला गेलो होतो. फादर हर्मन बाखर यांच्यामुळे नगर जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांना 'पाणलोट' हा शब्द नवा राहिलेला नाही, आणि राळेगण म्हणजे त्या विषयाची जणू पहिली शाळा. दिवसभर बंधारे पाहून झाले आणि रात्री एका ओळखीच्या वारकरी कुटुंबाकडे जेवणे आटोपली, तोच घरातील सारी मंडळी दूरदर्शन संचासमोर बसली. 'सीआयडी' लागणार होती, आणि शेवटचा भाग असल्याचे नातवाने सर्वांना आधीच सांगून ठेवले होते.

तो भाग इतर कोणत्याही भागासारखाच निघाला. एक गुन्हा झाला, तपास झाला, गुन्हेगार सापडला आणि नावे वर सरकू लागली. निरोपाचा शब्द नाही, मागे वळून पाहणे नाही. भिंतीला टेकून बसलेल्या आजी मला म्हणाल्या, "भाऊ, मंग पुढल्या शनवारी काय बघायचं?" टीकाकाराने विचारावा असा प्रश्न आजींनी विचारला होता. एखादी मालिका वीस वर्षे चालते आणि मग थांबते, तेव्हा ती संपते की नुसती बंद पडते?

'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली होती. थांबली तेव्हा तिचे १५४७ भाग झाले होते. वाहिनीने 'मध्यंतर' असा सोयीचा शब्द योजला. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग मूळचे मुंबई दूरदर्शनचे कॅमेरामन. ज्यांना 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका आठवते, त्यांना शिवाजी साटम यांचा पोलिसी चेहराही त्या काळापासूनच ओळखीचा आहे. साटम बँकेत नोकरी करीत आणि आंतरबँक नाट्यस्पर्धांतून नटाचे काम शिकले. मालिका हिंदी, पण तिचे वळण आपल्या मुंबईचे, आणि तिची गुन्हा उकलण्याची हौस आपल्या बाबूराव अर्नाळकरांच्या कुळातली. अर्नाळकर हे नाव वसईजवळच्या अर्नाळ्याची आठवण देते, हे वसईच्या वाचकांना सांगावयास नको. त्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि धनंजय यांचा शेवट करावा असे त्यांच्या वाचकांना कधी वाटले नसावे. लोकप्रिय गुप्तहेर हा एका अर्थी न मरणारा प्राणी असतो.

ब्रिटिश दूरदर्शनवर मात्र एका गुप्तहेराला रीतसर मरू दिले गेले. आयटीव्ही वाहिनीवर १९८९ साली सुरू झालेली 'पॉयरो' ही मालिका १३ नोव्हेंबर २०१३ रोजी 'कर्टन' या भागाने संपली. जवळजवळ पंचवीस वर्षांत भाग झाले अवघे सत्तर, आणि प्रत्येकात पॉयरोची भूमिका डेव्हिड सुशे यांचीच. अगाथा ख्रिस्ती यांनी ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवून दिली होती. ती प्रसिद्ध झाली १९७५ साली, आणि त्या वेळी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या काल्पनिक माणसाची मृत्युवार्ता पहिल्या पानावर छापली. भाचीने आणून दिलेल्या तबकडीवर मी हा भाग प्रथम पाहिला. मालिका म्हणून नव्हे, तर एका कॅथॉलिक माणसाच्या मृत्यूची कथा म्हणून तो माझ्या मनात राहिला. वाचकांना आठवत असेल, एर्क्यूल पॉयरो हा बेल्जियन कॅथॉलिक आहे. खुनाला मी मान्यता देत नाही, हे तो आयुष्यभर सांगत आला आहे.

आणि शेवटी हाच माणूस खून करतो. हा भाग ज्यांना पाहावयाचा आहे, त्यांनी पुढील दोन-तीन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल. पण शेवट सांगितल्याविना या कलाकृतीविषयी काहीच बोलता येत नाही.

नॉर्टन नावाचा एक मऊ, लाजाळू, पक्षी पाहत हिंडणारा गृहस्थ आहे. त्याने कोणालाही मारलेले नाही. तो फक्त बोलतो. कोणाच्या संशयाला हळूच फुंकर घालतो, कोणाच्या दुखऱ्या जागी हलकेच बोट ठेवतो, आणि मग ती माणसे आपल्या हातांनी खून करतात. ख्रिस्तींनी त्याची तुलना शेक्सपियरच्या इयागोशी केली आहे. मला मात्र याकोबाच्या पत्रातील जिभेविषयीचा तिसरा अध्याय आठवला. पॉयरोचा जुना मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज हा अत्यंत सरळमार्गी माणूस. मुलगी एका नालायक पुरुषाच्या नादी लागली आहे, असे नॉर्टन त्याच्या मनात भरवतो, आणि तोही विष कालविण्यापर्यंत पोहोचतो. पॉयरो त्याला चॉकलेटमधून गुंगीचे औषध पाजून झोपवितो, म्हणूनच तो वाचतो. या प्रसंगात ह्यू फ्रेझर यांनी बापाची जी घालमेल दाखविली आहे, ती पाहताना मला अस्वस्थ वाटले. वयात आलेल्या मुली असलेल्या आपल्यापैकी कोणाला ते दुःख अनोळखी आहे? आणि चावडीवर, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात हलक्या आवाजात बोलणारे नॉर्टन आपण कधी पाहिलेच नाहीत काय? फरक इतकाच की आपण त्यांना गुन्हेगार म्हणत नाही. कायदाही म्हणत नाही, आणि पॉयरोपुढचा पेच नेमका हाच आहे. नॉर्टनविरुद्ध एकही पुरावा कधीच उभा राहणार नाही.

म्हणून पॉयरो त्याला गुंगीत ठेवून कपाळाच्या अगदी मध्यावर गोळी घालतो. ती खूण काइनाच्या खुणेची आठवण देते, असे कादंबरीत सुचविलेले आहे. त्यानंतर हृदयविकारावरचे आपले औषध तो हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवतो आणि परमेश्वराच्या न्यायाची वाट पाहत पडून राहतो. हेस्टिंग्जला हे सारे कळते ते चार महिन्यांनी, एका पत्रातून.

दिग्दर्शिका हेटी मॅकडोनाल्ड आणि पटकथाकार केव्हिन एलियट यांनी कादंबरीतील या शेवटाला एक जोड दिली आहे, आणि माझ्या मते ती या भागाची खरी कमाई आहे. मरणाच्या रात्री पॉयरोच्या हातात जपमाळ दिसते, आणि त्याच्या तोंडून क्षमेची याचना बाहेर पडते. कादंबरीतील पॉयरो आपण योग्य केले की अयोग्य, हे आपल्याला ठाऊक नाही असे कबूल करतो खरा, पण त्या कबुलीतही त्याची बुद्धी ताठच उभी असते. पडद्यावरचा पॉयरो मोडलेला आहे. सुशे स्वतः प्रौढ वयात, १९८६ साली, पौलाचे रोमकरांस पत्र वाचून ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. त्या जपमाळेवरची त्यांची बोटे नुसता अभिनय करीत नव्हती, असे मला वाटते. हा शेवट एकूण चित्रीकरणाचा शेवट ठरू नये, म्हणून अखेरच्या मालिकेतील हाच भाग आधी चित्रित करून घेण्यात आला. मेलेल्या पॉयरोला मागे टाकून नटाला जिवंत पॉयरोबरोबर निरोप घेता आला, ही हकीकत मला फार माणसाची वाटते.

तरी आक्षेप नोंदविला पाहिजे. कोणाही कॅथॉलिक प्रेक्षकाला पडणारा प्रश्न असा की, हे पापनिवेदन कोणापुढे? पत्र मित्राला लिहिलेले आहे, तेही अशा वेळी पोहोचेल अशा बेताने की मित्राला काहीच करता येऊ नये. धर्मगुरू कोठेही नाही. औषध दूर ठेवणे म्हणजे देवाच्या हाती स्वतःला सोपविणे, की देवाच्या हातून निर्णय काढून घेणे? पटकथा या प्रश्नाच्या काठापर्यंत येते आणि मंद संगीत लावून बाजूला होते. पुढे एकदा राळेगणला जाणे झाले, तेव्हा मी ही गोष्ट आजींना सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी विचारले, "मापी मागितली का त्यानं?" मी म्हटले, "मागितली." "अन् ज्याला मारलं त्याच्यासाठी काही बोलला का?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री पॉयरो स्वतःसाठी क्षमा मागतो. नॉर्टनच्या आत्म्यासाठी त्याने प्रार्थना केल्याचे मला तरी आठवत नाही.

आता पुन्हा आपल्या 'सीआयडी'कडे. पॉयरोच्या जपमाळेनंतर ती पाहू लागलो की जाणवते, ते या मालिकेचे निर्धास्त मन. एसीपी प्रद्युम्नने तर आपल्या गुन्हेगार बनलेल्या मुलावर, नकुलवर, गोळी झाडली होती. पॉयरोच्या गोळीपेक्षा ती किती जवळची! पण पुढच्या आठवड्यात नवा मृतदेह, नवी प्रयोगशाळा-चाचणी, डॉ. साळुंखे यांची तीच नोकझोक. दुःख आहे, पण त्याला परिणाम नाही. दया दार तोडतो, संशयिताला एक सणसणीत थप्पड बसते, कबुलीजबाब बाहेर येतो, आणि आता फाशी होणार हे एसीपी गुन्हेगाराला ऐकवितात. घरोघरी मुले हे संवाद खेळातून म्हणत आणि आपण कौतुकाने हसत असू. मीही हसलो आहे.

राळेगणला ही थप्पड पाहताना मात्र मला गावाचाच एक जुना प्रसंग आठवला. १९७५ साली सैन्यातून परतल्यावर अण्णा हजारे यांनी येथे दारूबंदी घडवून आणली. त्या काळात दारू पिणाऱ्यांना मंदिराजवळच्या खांबाला बांधून मारले जात असे, ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. आजारी लेकराला आई कडू औषध पाजते, असे त्यांचे समर्थन होते. गाव सुधारले हे खरे आहे. बंधारे, हिरवी शिवारे, दारूतून सुटलेले संसार आम्ही डोळ्यांनी पाहिले. पण खांबाला बांधलेल्या माणसाच्या मुलांना त्या दिवशी काय वाटले असेल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. पॉयरोने तो मांडण्याचा प्रयत्न तरी केला. 'सीआयडी'च्या दप्तरात दुसरी बाजू लिहिण्याचे पानच नव्हते.

आणखी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. २ ऑगस्ट २०१८ रोजी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथातील २२६७ क्रमांकाच्या परिच्छेदात पोप फ्रान्सिस यांनी केलेला बदल जाहीर झाला. माणसाच्या प्रतिष्ठेवरचा आघात म्हणून देहदंड ख्रिस्तसभेला अस्वीकार्य ठरला. त्यानंतर तीन महिने होण्याच्या आतच फाशीचा धाक घालणारी ही मालिका थांबली. दोन्हींचा अर्थातच काही संबंध नाही. पण त्या वर्षी आपल्या किती घरांतून एकाच आठवड्यात रविवारी हे प्रवचन आणि शनिवारी तो संवाद ऐकला गेला असेल, आणि दोहोंत विसंगती आहे असे किती जणांना वाटले असेल?

आपल्या घरांच्या दृष्टीने या मालिकेत आणखी एक माणूस होता, तो म्हणजे इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स. दिनेश फडणीस या मराठी नटाने रंगविलेला हा ख्रिस्ती अधिकारी भित्रा, भाबडा, बायकोला वचकून असणारा, विनोदासाठी राखून ठेवलेला. हिंदी चित्रपटांतील दारुड्या 'अंकल'पेक्षा तो निश्चितच बरा होता. तो पोलीस दलात सन्मानाने नोकरी करीत होता, आणि बालप्रेक्षकांचा तो सर्वांत लाडका होता. तरीही एवढ्या भागांत तो प्रार्थना करताना, नाताळला घरी लवकर निघताना, एखाद्या मृतदेहापुढे क्रुसाची खूण करून क्षणभर थबकताना मला तरी आठवत नाही. त्याचे ख्रिस्तीपण नावापुरतेच राहिले. पॉयरोचेही चोवीस वर्षे बहुधा तसेच होते, परंतु शेवटच्या भागाने जुन्या भागांवर मागे प्रकाश टाकला. फ्रेडरिक्सला तसा शेवटचा भाग लाभलाच नाही. ५ डिसेंबर २०२३ रोजी फडणीस निवर्तले.

२१ डिसेंबर २०२४ रोजी 'सीआयडी' पुन्हा सुरू झाली, ती त्यांच्यावाचून. म्हणजे आजींबरोबर पाहिलेला शेवटचा भाग शेवटचा नव्हताच. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात ठार झाल्याचे दाखविले, आणि वाहिनीने त्यांच्या नावाने श्रद्धांजलीचे चित्रही प्रसिद्ध केले. माझ्या परिचयातील कोणीही डोळे पुसले नाहीत. ते परत कधी येणार, हीच चर्चा चालली. ज्या खलनायकाने हा स्फोट घडविला त्याचे नाव बार्बोझा. तिग्मांशू धुलिया यांनी ही भूमिका चांगली केली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुना फ्रेडरिक्स गेला आणि त्या मालिकेत आपल्या वळणाचे नाव पुन्हा ऐकू आले ते असे. माझी भाची बार्बोझा आडनावाच्या घरात दिली आहे. तिच्या धाकट्या मुलाला शाळेत तेवढे दोन आठवडे सगळे 'बार्बोझा, बार्बोझा' म्हणून हाका मारीत होते. त्याला ते आवडलेही, असे ती सांगत होती.