हेतूची शुद्धता आणि कृतीचा जाब

‘आमचा हेतू वाईट नव्हता’ हे वाक्य दलित माणसाने आयुष्यात जितक्या वेळा ऐकलेले असते, तितक्या वेळा दुसरे कोणतेही वाक्य ऐकलेले नसेल. भाड्याने खोली नाकारणारा घरमालक हेच म्हणतो, मुलाखतीत आडनाव दोनदा विचारणारा साहेब हेच म्हणतो आणि आपल्या साहित्याला ‘आक्रस्ताळे’ म्हणणारा समीक्षकही शेवटी याच वाक्याच्या आडोशाला जाऊन उभा राहतो. या वाक्यामागे एक जुना तात्त्विक वाद उभा आहे. त्याची सर्वांत कसून तपासणी मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी केली. नीतिशास्त्र शिकताना आम्ही मात्र ग्रीकांवरून उडी मारली ती थेट कांटवर. मधली हजार वर्षे अंधारयुग म्हणून वगळली गेली. ती वगळणे परवडणारे नाही, असे माझे मत आहे.

सहाव्या शतकापासून आयर्लंडमध्ये आणि पुढे युरोपभर प्रायश्चित्ताच्या पोथ्या वापरात होत्या. अमुक पापाला पाव-पाण्यावर इतके दिवस उपास, तमुक पापाला इतकी वर्षे, असा त्यांचा हिशेब असे. भर कृत्याच्या मापावर होता. करणाऱ्याचे मन दुय्यम होते. या हिशेबीपणावर सर्वांत जबर घाव घातला तो पीटर अबेलार (१०७९–११४२) याने. ‘स्वतःला ओळख’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्याच्या नीतिविषयक ग्रंथात त्याने पाप म्हणजे नेमके काय, हे एकेक साल काढत शोधले. स्वभावातला दोष म्हणजे पाप नव्हे, कारण तो जन्मासोबतही येतो. वासना म्हणजे पाप नव्हे, कारण तिच्याशी झगडण्यातच माणसाची कसोटी असते. आणि घडलेले कृत्य म्हणजेही पाप नव्हे. जे करू नये असे आपल्याला वाटते, त्याला आतून दिलेली संमती म्हणजे पाप.

त्याची उदाहरणे चटका लावणारी आहेत. एका गुन्हेगाराला दोघेजण फासावर चढवतात; एक न्यायाच्या तळमळीने, दुसरा जुन्या वैराने. दोर एकच, गाठ एकच, पण नैतिकदृष्ट्या ती दोन कृत्ये आहेत. दोघांना गरिबांसाठी घरे बांधायची आहेत. एकजण बांधतो, दुसऱ्याचे पैसे लुटले जातात. देवापुढे दोघांचे पुण्य सारखेच. श्रीमंताचे पुण्य केवळ तो श्रीमंत आहे म्हणून वाढत नाही! बाराव्या शतकात, सरंजामदारांच्या दानधर्मावर मठ उभे असताना, हे म्हणायला धैर्य लागते. अबेलार तिथेही थांबला नाही. येशूला क्रुसावर देणाऱ्यांना आपण देवाची सेवा करतो असे खरोखरच वाटत असेल, तर सद्सद्विवेकाविरुद्ध जाऊन त्याला सोडून देणे हे त्यांचे अधिक मोठे पाप ठरले असते, असे त्याने लिहिले. ११४० च्या सुमारास सांस येथील धर्मसभेत क्लेअरव्होच्या बर्नार्डच्या पुढाकाराने त्याची विधाने निषिद्ध ठरवण्यात आली. त्यांत हेही होते.

अबेलारचे मोठेपण मला मान्य आहे. कर्मकांडाचा हिशेब मोडून त्याने माणसाला स्वतःच्या मनापुढे उभे केले. पण त्याच्याच एका उदाहरणापाशी मी अडतो. एक गरीब आई आहे. थंडीने काकडणाऱ्या तान्ह्या मुलाला पांघरायला घरात काही नाही. मायेपोटी ती त्याला आपल्या अंगावरच्या कपड्यात घेऊन निजते आणि झोपेत ते मूल गुदमरून मरते. धर्माधिकारी तिला कडक प्रायश्चित्त देतो. अबेलार सांगतो की ती पापी नाही. शिक्षा तिच्या दोषासाठी नसून इतर बायांनी सावध राहावे यासाठी आहे. मन पाहणे देवाचे काम, कृत्य पाहणे माणसाच्या न्यायासनाचे काम, अशी ही वाटणी आहे. पण त्या घरात दुसरे पांघरूण का नव्हते, हा प्रश्न अबेलार विचारत नाही. त्याला तो विचारताच येत नाही. ते पांघरूण तिच्याकडे नसावे, अशी ‘संमती’ कोणा एकाने दिलेली नव्हती. ज्या अन्यायाला कोणाचाच वाईट हेतू लागत नाही, तो अन्याय या नीतिशास्त्राच्या जाळीतून निसटून जातो.

जातिव्यवस्था हा नेमका तसा अन्याय आहे. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींच्या घरी माझी आई अंगण झाडायला जात असे. त्यांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणत असू. बाई प्रेमळ होत्या. मी पहिला आलो तेव्हा त्यांनी मला चहा आणि शंकरपाळे दिले. चहाचा कप वळचणीच्या खोबणीत वेगळा ठेवलेला असे. पिऊन मीच तो विसळून परत तिथे ठेवायचा. बाईंच्या मनात काडीचाही द्वेष नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. अबेलारच्या कसोटीवर त्या निर्दोष सुटतात. मग तो कप कोणाचा?

हेतूच्या नीतीचा दुसरा धोका सत्तेच्या हाती दिसतो. अबेलारच्या सात शतके आधी सेंट ऑगस्टीनने दाखवून दिले होते की बाप मुलाला मारतो आणि गुलामांचा व्यापारी त्याला गोंजारतो. म्हणून वरवरच्या कृतीवरून प्रेम ओळखू नये. मुद्दा बिनतोड आहे. पण उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथीयांना बळजबरीने चर्चमध्ये आणण्याचे समर्थनही त्याने प्रेमाच्याच नावाने केले. मारणारा स्वतःला बाप समजू लागला की मार खाणाऱ्याला तक्रारीची सोय उरत नाही. ‘तुमच्याच भल्यासाठी’ ही भाषा आपल्याला नवी नाही.

येथे थॉमस अक्वायनस (सुमारे १२२५–१२७४) उपयोगी पडतो. कृतीची नैतिकता त्याने तीन ठिकाणी तपासली: कृती मुळात काय आहे, ती कोणत्या परिस्थितीत घडते आणि तिचा उद्देश काय. चांगली ठरण्यासाठी तिन्ही अंगे निर्दोष हवीत. वाईट ठरायला एक खोट पुरते. दान करण्यासाठी चोरी केली तर दानाचा हेतू चोरीला पवित्र करत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अज्ञानाचा त्याने केलेला विचार. जे कळणे शक्यच नव्हते, ते अज्ञान माफ. पण जे कळून घेणे कर्तव्य होते आणि आळसाने कळून घेतले नाही, त्या अज्ञानाला माफी नाही. आणि मोकळेपणी वागता यावे म्हणून मुद्दाम पत्करलेले अज्ञान तर इच्छेचाच भाग आहे. बाईंच्या कपाचा निकाल इथे लागतो. संविधानाचे सतरावे कलम त्यांच्याच घरच्या गुरुजींनी आमच्याकडून घोकून घेतले होते. न कळण्याची सबब त्या घराला नव्हती.

अर्थात अक्वायनसलाही डोक्यावर घेण्याचे कारण नाही. चुकीचा विवेकही माणसाला बांधतो असे म्हणणारा हा तत्त्वज्ञ, पाखंडी ठरलेल्याला राजसत्तेच्या हाती देऊन देहदंड देणे न्याय्य मानतो. तत्त्व एका खोलीत आणि सत्ता दुसऱ्या खोलीत, हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही.

आपल्या परंपरेत बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटले. म्हणून बौद्ध वाचकाला अबेलार जवळचा वाटेल. पण ‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन सांगतो की अजाणता पाप करणाऱ्याचे अपुण्य अधिक, तापलेला लोखंडी गोळा न कळता धरणाराच जास्त भाजतो. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियमाने केलेली कृती योग्य असली तरी यांत्रिक असते. तत्त्वाने केलेली कृती चुकली तरी जाणीवपूर्वक आणि जबाबदार असते. इथे हेतू म्हणजे मनातली गोड भावना नव्हे. हेतू म्हणजे जबाबदारी.

हा वाद पोथीतला नाही. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने न्यायालयाला सांगितले की अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत या कायद्याखालील गुन्ह्याचे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील गंभीर गुन्ह्यांच्या पोटकलमाने मात्र जातीच्या ‘कारणावरून’ ही अट घातली. २००६ साली खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा दिल्या, पण हा कायदा लागू मानला नाही. हेतू सुडाचा ठरला. २०१५ च्या दुरुस्तीने त्या पोटकलमात ‘कारणावरून’ऐवजी ‘माहीत असताना’ असे शब्द आले. हेतूकडून जाणिवेकडे आलेल्या या दोन शब्दांमागे किती प्रेते आहेत, हे नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाने विसरू नये.

तेव्हा हेतू पाहावा, जरूर पाहावा. नाहीतर आपणही पोथीचे हिशेबनीस होऊ. पण हेतूची साक्ष आरोपीच्या तोंडून घेऊन खटला मिटवता येणार नाही. ‘मनात वाईट नव्हते’ असे जो म्हणेल, त्याला आपण पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: जे कळायला हवे होते, ते कळून घेण्यासाठी तुम्ही काय केले?