‘असर’ची इंग्रजी चाचणी : वाचता आलं म्हणजे इंग्रजी आलं का?

शिक्षणशास्त्रात पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसलं की एक विषय हमखास डोक्यात येतो : ‘उच्च प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी भाषा कौशल्यांच्या विकसनासाठी कार्यक्रमाची निर्मिती व परिणामकारकता’. विषय चांगला आहे, गरजेचाही आहे. अडचण येते ती साधनापाशी. कौशल्य वाढलं हे मोजायचं कशानं? अशा वेळी हात सहज ‘असर’च्या इंग्रजी चाचणीकडे जातो. ती तयार आहे, छोटी आहे, आणि तिचं नाव मार्गदर्शकांनाही माहीत असतं. म्हणूनच ती वापरण्याआधी नीट तपासून घेऊ.

चाचणी कशी आहे?

‘असर’ म्हणजे ‘ॲन्युअल स्टेटस ऑफ एज्युकेशन रिपोर्ट’. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून हे सर्वेक्षण होत आलं आहे. स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघरी जातात आणि ५ ते १६ वयोगटातल्या मुलांना एकेकटं बसवून वाचायला आणि गणितं सोडवायला देतात. इंग्रजीची चाचणी दर वर्षी नसते. २०१६ नंतर ती थेट २०२२ मध्ये झाली. तिच्या पायऱ्या चार : कॅपिटल अक्षरं, स्मॉल अक्षरं, सोपे शब्द आणि सोपी वाक्यं. शब्द किंवा वाक्य वाचता आलं तर त्याचा अर्थ मुलाला त्याच्या भाषेत विचारतात आणि त्याची नोंद वेगळी ठेवतात.

आधी जमेची बाजू. चाचणी घरी होते, त्यामुळे खासगी शाळेत जाणारं मूल सुटत नाही आणि शाळेबाहेरचंही सुटत नाही. तोंडी आहे, म्हणून लिहिता न येणाऱ्या मुलाची फक्त लिहिता येत नाही म्हणून गळती होत नाही. अर्थ मातृभाषेत सांगायची मुभा आहे, हे तर फार शहाणपणाचं. मुलाला समजलं का आणि समजलेलं इंग्रजीत बोलता आलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या अनेक घटक चाचण्या ते एकत्र कालवून टाकतात.

देशभरातल्या लाखो मुलांचं ढोबळ चित्र काढायला हे साधन उत्तम आहे. प्रश्न आहे तो तुमच्या प्रबंधाचा.

मोजपात्र लहान पडतं

प्रयोगशाळेत १०० मिलीच्या मोजपात्रात १२० मिली पाणी ओतलं काय किंवा ३०० मिली, वाचन १०० च येणार. बाकीचं सांडून जातं. या चाचणीची सगळ्यात वरची पायरी म्हणजे सोपी वाक्यं. सहावी ते आठवीच्या वर्गात एखादी मुलगी गोष्टीचं अख्खं पान समजून वाचते आणि दुसरी चार शब्दांचं वाक्य कसंबसं पूर्ण करते. दोघींची नोंद एकाच खान्यात. याला ‘सीलिंग इफेक्ट’ म्हणतात. तुमच्या कार्यक्रमामुळे पहिली मुलगी आणखी पुढे गेली तरी उत्तरचाचणीत ते दिसणार नाही, आणि तुम्ही लिहाल की वरच्या गटावर कार्यक्रमाचा परिणाम आढळला नाही. खरं तर साधनातच तेवढी जागा नव्हती.

वाचन आणि आकलन

गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं : वाचून समजणं = अक्षरांवरून शब्द उलगडणं × भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हीतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

मराठी माध्यमाच्या वर्गात हे रोज दिसतं. देवनागरीत अक्षर दिसलं की उच्चार बहुतेक ठरलेला असतो. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ या दोन शब्दांत स्वराचं अक्षर एकच, उच्चार वेगळे. त्यामुळे एखादा मुलगा ‘चार्जर’, ‘बॅटरी’, ‘हॉस्पिटल’ हे शब्द रोज बोलतो, पण तेच छापलेले दिसले की अडखळतो. दुसरा पाठ घडाघडा वाचतो आणि अर्थ विचारला की खाली बघतो. पहिल्याकडे शब्द आहेत, स्पेलिंगची वाट नाही. दुसऱ्याकडे वाट आहे, शब्द नाहीत. दोघांना लागणारं शिकवणं पूर्ण वेगळं आहे.

हा फरक किती मोठा असू शकतो? ‘असर’ने २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटाचा, म्हणजे साधारण उच्च प्राथमिक ओलांडलेल्या मुलांचा, निवडक जिल्ह्यांत अभ्यास केला. ५७.३ टक्के मुलांनी इंग्रजी वाक्यं वाचली. वाचणाऱ्यांपैकी ७३.५ टक्क्यांनी अर्थ सांगितला. आता गुणाकार करा : शंभरातली सुमारे ४२ मुलं वाचूनही दाखवतात आणि अर्थही सांगतात. तुमच्या प्रबंधात ५७ लिहायचं की ४२? दोन्ही आकडे त्याच अहवालावरून मिळतात, पण ठळकपणे पुढे जातो तो पहिला. श्रवण आणि संभाषण तर या ५७ मध्येही नाही आणि ४२ मध्येही नाही.

वर्षावर्षांची तुलना

आठवीतल्या, सोपी इंग्रजी वाक्यं वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण २००९ मध्ये सुमारे ६० टक्के होतं, २०१६ मध्ये सुमारे ४५ आणि २०२२ मध्ये ४६.७. यावरून ‘इंग्रजी शिकवणं बिघडलं’ असं लगेच लिहू नका. ही तीच मुलं नाहीत. मधल्या काळात, १ एप्रिल २०१० पासून, शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. आधी गळून गेली असती अशी काही मुलं नंतरच्या आठवीत बसलेली असू शकतात. असं असेल तर आकडा घसरला, पण जास्त मुलं शाळेत टिकली. शिकवण्याचा दर्जाही घसरला असेल, पण या आकड्यांवरून दोन्ही कारणं वेगळी करता येत नाहीत. निष्कर्षाच्या प्रकरणात एवढं एक वाक्य लिहायचं धाडस ठेवा.

मग आराखड्यात काय करायचं?

पहिलं, शीर्षकात ‘भाषा कौशल्ये’ लिहिलंत तर श्रवण, संभाषण, वाचन, लेखन या प्रत्येकाची कार्यात्मक व्याख्या द्या आणि प्रत्येकासाठी वेगळं साधन ठेवा. चारही झेपत नसतील तर शीर्षक लहान करा. ‘वाचन आकलन’ एवढ्यावरही चांगला प्रबंध होतो.

दुसरं, साधनं फार खर्चिक लागत नाहीत. श्रवणासाठी सूचना ऐकून चित्रात खुणा करायला सांगा. वाचनासाठी पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा द्या आणि उत्तरं मराठीत घ्या. संभाषणासाठी चित्रवर्णन घ्या, पण गुण दोन परीक्षकांनी एकमेकांचं न बघता द्यावेत आणि त्यांच्यातलं एकमत तपासावं.

तिसरं, उत्तरचाचणीत तोच उतारा पुन्हा देऊ नका; नाहीतर स्मरणशक्ती मोजाल. समान काठिण्याचा दुसरा उतारा तयार ठेवा. नियंत्रित गटही ठेवा, कारण तुमचा कार्यक्रम चालू असताना शाळेतला इंग्रजीचा तासही चालूच असतो.

महत्त्वाचं म्हणजे, जे मोजलं जातं तेच वर्गात शिकवलं जाऊ लागतं. सातवीच्या वर्गाला ‘वाक्य वाचणारी मुलं शंभर टक्के’ असं लक्ष्य दिलं, तर तास समूहवाचनात जाईल आणि आकडा वाढेलही. पण खाली बघणारा तो मुलगा तसाच आठवीत जाईल, आणि पुढे विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक हातात आलं की गप्प बसेल.

सप्रमाणता हा व्हायवापुरता पाठ करायचा शब्द वाटत असेल, तर या मुलाला समोर ठेवून तुमचं साधन पुन्हा तपासा. त्याची अडचण त्यात कुठे दिसते का, ते बघा. दिसत नसेल तर मार्गदर्शकांची सही घ्यायच्या आधी साधन बदला.